लीजची नवी गाडी, वापरलेली गाडी आणि सीटबेल्टवरची मातीची रेघ

दिवाळीत धाकटा भाऊ पुण्याहून आला तो नवी कोरी गाडी घेऊनच. मी आनंदानं हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले, तर हा म्हणतो, "ताई, पूजा कर की, पण गाडी माझी नाहीये, लीजची आहे." मला आधी कळलंच नाही. मग जेवताना त्यानं सगळं सांगितलं, की त्याची कंपनी लीजवाल्यांकडून गाडी घेते आणि याला वापरायला देते, दर महिन्याला पगारातून पैसे कापले जातात, त्यात इन्शुरन्स आला, सर्व्हिसिंग आलं, टॅक्समध्येही थोडं वाचतं, आणि तीन वर्षं झाली की गाडी परत द्यायची नाहीतर ठरलेल्या किमतीला घेऊन टाकायची. जाताना मला म्हणाला, "तू पण लीजवरच घे ताई, जुनी गाडी घेऊन गॅरेजच्या चकरा मारत बसू नकोस."

आमच्या घरात २०१९ पासून चारचाकी नव्हती. ती का नव्हती ते पुढं सांगते, कारण या सगळ्याचं मूळ तिथंच आहे. पण आता गरज आलीच होती. माझी शाळा तासगावला, सांगलीतून पंचवीसेक किलोमीटर, आमच्या शाळेच्या अजून दोघी विश्रामबागला राहतात आणि तिघींनी मिळून एका गाडीत जायचं असं कधीपासून बोलणं चाललं होतं. शिवाय अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, महिन्यातून दोन-तीनदा मिरजेला दाखवायला न्यावं लागतं, आणि गुडघ्यांमुळं त्यांना रिक्षात चढता येत नाही हे बघून जीव तुटतो. म्हणून ठरवलं, की गाडी घ्यायचीच. फक्त कशी ते ठरत नव्हतं.

भावाचं ऐकून मी खरंच लीजची चौकशी केली, मनापासून केली. फक्त कंपनीमार्फतच नाही, तर आपल्यासारख्यांनाही आता गाडी अशी मिळते, सबस्क्रिप्शन म्हणतात त्याला, एक-दोन-तीन-चार वर्षांसाठी. दोन ठिकाणी फोन केले. एकानं सांगितलं सांगलीत आम्ही देत नाही, पत्ता पुण्याचा लागेल. दुसऱ्यानं सांगितलं देऊ, पण डिलिव्हरी पुण्यातून घ्यावी लागेल आणि गाडी परत करायची तीसुद्धा पुण्यालाच. छोटी पेट्रोल हॅचबॅक, तीन वर्षं, महिना १७,८०० रुपये, वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा, त्यापुढं प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे, सुरुवातीला डिपॉझिट. रोड टॅक्स, इन्शुरन्स, सर्व्हिस सगळं त्यांच्याकडं. मधेच सोडली तर दंड. परत देताना ओरखडे, पोचे, सीटवरचे डाग बघून पैसे कापणार. आणि काही स्कीममध्ये गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे येतात, भाड्यानं स्वतः चालवायच्या गाड्यांना असतात तशी. पांढरी पाटीही मिळते पण त्याचा रेट वेगळा.

काळ्या पाटीचं मला काही वाटलं नाही, पण अण्णांना वाटलं. ते म्हणाले, "दारात भाड्याची गाडी लावायची होय?" त्यांच्या पिढीचं तसंच असतं, मी वाद घातला नाही.

रात्री मी शाळेची जुनी वही घेऊन हिशोबाला बसले. १७,८०० गुणिले ३६ म्हणजे ६ लाख ४० हजार ८००. तीन वर्षांनी एवढे पैसे गेलेले असणार आणि दारात काहीच नसणार. आता किलोमीटर. तासगाव येऊन-जाऊन पन्नास, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर बाराशे तिथंच झाले. मिरज, विट्याला माहेर, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे (एका बाजूनं सव्वादोनशेच्या वर), म्हणजे पंधराशे सहज, वर्षाचे अठरा हजार. मर्यादा पंधरा हजाराची. म्हणजे दरवर्षी तीन हजार किलोमीटरचे जादा पैसे, आणि प्रत्येक वेळी माहेरी जाताना मनात आकडा मोजत बसायचं. मला ते नको वाटलं.

मग वापरलेल्या गाडीचा हिशोब, पाच वर्षं जुनी, साडेचार-पावणेपाच लाखाची धरली. तीन वर्षांनी पावणेतीनपर्यंत विकली जाईल असं धरलं तर दोन लाख तिथं गेले. इन्शुरन्स तीन वर्षांचा पस्तीस-छत्तीस हजार, सर्व्हिसिंग तेवढंच, टायरचा एक सेट आणि बॅटरी मिळून तेवीस हजार, अचानक निघणारी कामं म्हणून पंचवीस हजार बाजूला. सव्वातीन लाखाच्या आसपास. वर ते साडेचार-पाच लाख एफडीत असते तर व्याज मिळालं असतं तेही धरलं पाहिजे, हे लोक विसरतात, ते तीन वर्षांचं लाखभर. म्हणजे सव्वाचार लाख. लीजच्या सहा लाख चाळीसपेक्षा दोन लाखांनी कमी, आणि शेवटी गाडी माझी.

नवी विकत घ्यायचाही विचार झाला, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ अधिक सेस होता तो १८ वर आला आणि सगळेच नवी घ्या नवी घ्या म्हणत होते. पण महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्सच ११ टक्के आहे, आणि नवीन गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते. इन्शुरन्सवाल्यांचा तक्ता बघा, सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीनच्या आत ३०, चारच्या आत ४०, पाचच्या आत ५०. बाजारात अगदी तसंच होतं असं नाही, पण ती उतरलेली किंमत पहिल्या मालकानं भरलेली असते आणि पुढची बरीच वर्षं आपल्याला मिळतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे पाच वर्षांची गाडी घेतली तरी दहा वर्षं हातात आहेत. माझ्यासारख्या एका पगाराच्या आणि एका कुपवाड एमआयडीसीतल्या पगाराच्या घराला हे पटतं.

भावाला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तू रिस्कचे पैसे धरलेच नाहीस. लीजच्या गाडीत काही झालं तर डोकं त्यांचं दुखतं, जुनीत तुझं." आणि हे त्याचं खरं होतं. दोन लाखांचा फरक म्हणजे त्या निश्चिंतीची किंमत. त्याला कंपनीमुळं टॅक्समध्ये वाचतं, पुण्यात वर्कशॉप दाराशी, दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची आवड, त्याच्यासाठी लीज बरोबरच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण रिस्क हा शब्द त्यानं काढला आणि माझ्या डोळ्यासमोर एकदम २०१९ चा ऑगस्ट आला.

तेव्हा आम्ही गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीजवळच्या जुन्या भागात, राहायचो. अण्णांची २०१२ ची पांढरी अल्टो बोळात उभी असायची. सांगलीत पूर आला की सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर गेलं त्यावर, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरांनासुद्धा पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि तेव्हा आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. म्हणून सगळे म्हणाले इथं येत नाही. शेजारचे काका गाडी विश्रामबागला लावून आले, आम्हालाही म्हणाले, पण सामान वर चढवायच्या गडबडीत गाडी राहिली. २०१९ ला पाणी ५७ च्या पुढं गेलं. आम्हाला बोटीतून काढलं. पाणी उतरल्यावर परत आलो तर अल्टोच्या टपावर वाळलेला गाळ होता आणि आत स्टेअरिंगला शेवाळ्यासारखं काहीतरी चिकटलेलं.

आणि मग चूक झाली, ती सांगायलाच पाहिजे म्हणजे अजून कुणी करणार नाही. ह्यांनी बॅटरी बदलून गाडी सुरू करून बघितली. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. खाडकन आवाज आला आणि संपलं. इन्शुरन्स कंपनीनं सांगितलं हे पुराचं नुकसान नाही, सुरू केल्यामुळं झालेलं आहे, इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनात पाणी गेल्याचा खर्च देणारं जादा कव्हर, तुम्ही घेतलेलं नाही. बुडालेली गाडी कधीही सुरू करून बघू नका, ढकलून नाहीतर टोइंगनं गॅरेजला न्या, फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा. तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं.

शेवटी एक एजंट आला, बावीस हजार देतो म्हणाला, पार्टसाठी काढणार आहे म्हणाला. घरात गाळ, भिंती ओल्या, अण्णांचा बीपी वाढलेला, आम्ही हो म्हणालो. त्यानं गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, कोऱ्याच फॉर्मवर, आरसी बुक घेतलं आणि गाडी टेम्पोवर चढवून नेली.

२०२१ ला परत पूर आला, तेव्हा का कुणास ठाऊक मला त्या गाडीची आठवण झाली आणि मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. मालकाच्या जागी अजून अण्णांचंच नाव, अर्धी अक्षरं फुल्यांनी झाकलेली पण आपल्याला आपलं नाव कळतंच. आणि इन्शुरन्स चालू. पीयूसीसुद्धा चालू. म्हणजे गाडी पार्टसाठी गेलीच नव्हती, ती धुवून पुसून कुणाला तरी विकली होती आणि रस्त्यावर फिरत होती, अण्णांच्या नावावर. माझे हातपाय गार पडले. कारण गाडी नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई रजिस्टर्ड मालकावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलेलं आहे, तुम्ही गाडी विकली होती म्हणून सुटका नाही. त्या एजंटच्या मागं लागून, ह्यांनी दोन महिने चकरा मारून, शेवटी नाव बदललं.

तर रिस्क म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं, आणि म्हणूनच यावेळी वापरलेली घ्यायची तर नीटच बघून घ्यायची असं ठरवलं. मला जुलै २०१९ नंतरचीच हवी होती कारण तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली. पण २०२० ची एमएच दहा किंवा एमएच नऊ, म्हणजे सांगली नाहीतर कोल्हापूर पासिंगची गाडी म्हणजे तिनं २०२१ चा पूर बघितलेला असू शकतो. तेव्हाही पाणी ५४ फुटांच्या पुढं होतं.

शंभर फुटी रोडला एक चाचा आहेत, ह्यांच्या मित्राच्या गाड्या तेच बघतात. त्यांना पहिली गाडी दाखवायला घेऊन गेलो, एका डीलरकडं उभी होती, चकाचक, नवं सीट कव्हर, नवं कार्पेट, आत अत्तराचा वास. मला तर आवडली. चाचांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही आधी. म्हणाले, "ताई, एवढं नवं कार्पेट कशाला घातलंय ते बघू की आधी." मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, अगदी शेवटापर्यंत, जो भाग रीळात गुंडाळलेला असतो आणि जन्मात कधी बाहेर येत नाही तिथपर्यंत. आणि तिथं पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ. वाळलेल्या गाळाची. मी ती रेघ ओळखली, आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतीवर तसलीच रेघ होती, कितीदा रंग दिला तरी पावसाळ्यात वर यायची.

डीलर म्हणाला चिखल लागला असेल कुणाच्या तरी बुटाचा. चाचा काही बोलले नाहीत, फक्त सीट पुढं ओढून खालचे रूळ दाखवले, गंज. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा दाखवला, कोपऱ्यात बारीक माती. हेडलाइटच्या आत धुकं. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचं एक कनेक्टर उघडलं तर आत हिरवट थर. पाच वर्षांच्या गाडीत हे सगळं एकत्र यायचं कारण एकच. बाहेर आल्यावर चाचा मला म्हणाले, "इंजिन रिपेर होतं वो ताई, पण वायरिंगमधलं पाणी दोन-दोन वर्षांनी त्रास देतं. रस्त्यात बंद पडंल नाहीतर पेटंल. एअरबॅगचा काय भरवसा?" तिघी बायका रोज तासगाव रोडनं जाणार, आणि मी ती गाडी नव्या सीट कव्हरवर भाळून घेणार होते.

यात एक अजून समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या इन्शुरन्समधल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती टोटल लॉस धरते आणि ती गाडी लिलावात भंगार म्हणून जाते. तिथून घेणारे सगळेच पार्ट काढतात असं नाही. आमची अल्टो लिलावातून नाही, एजंटकडून गेली, पण तिचं झालं तेच. म्हणून गाडीचा इन्शुरन्स मधे वर्षभर तुटला आहे का, क्लेम हिस्ट्री काय आहे, हे मागायचंच. आणि चेसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी सर्व्हिस हिस्ट्री निघते, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात, मीटर मागं फिरवलं असेल तर तिथं सापडतं.

नंतर दोन गाड्या अशाच सोडल्या, एकीचा डावीकडचा पिलर, म्हणजे दाराजवळचा खांब, वेल्डिंग केलेला, दुसरीचं ई-चलन सात-आठ हजाराचं बाकी आणि मालक फोन उचलेना. चौथी मिळाली ती आमच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीनं. विश्रामबागचे एक निवृत्त बँक मॅनेजर, मुलाकडं बेंगळुरूला कायमचे चालले होते. नोव्हेंबर २०२० ची, ४१ हजार किलोमीटर, सगळं सर्व्हिसिंग एकाच सेंटरला, बिलांची फाईल तारखेप्रमाणं लावलेली. २०२१ च्या पुरात गाडी कुठं होती असं मी सरळ विचारलं. ते रागावले नाहीत, म्हणाले अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, इकडं पाणी आलंच नव्हतं, पण तुम्ही बघून घ्या. चाचांनी चारी सीटबेल्ट ओढले. स्वच्छ. पाच लाख म्हणत होते, चार लाख पासष्टला ठरली.

तरी पंधरा दिवस थांबावं लागलं, कारण आरसीवर बँकेचा बोजा अजून होता. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं, पण एचपी, म्हणजे तोच बोजा, आरसीवरून उतरवायचं राहून गेलेलं, त्यांच्यासारख्या बँकेतल्या माणसाचंही राहतं म्हणजे बघा. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो त्याला. मी म्हणाले काका, ते झाल्याशिवाय पूर्ण पैसे देणार नाही, टोकन वीस हजार देते. त्यांना ते पटलं. मग २९ आणि ३० दोघांनी समोरासमोर बसून भरले, एकही रकाना कोरा नाही, तारीख-वेळेसकट डिलिव्हरीचा कागद केला, म्हणजे आदल्या दिवसापर्यंतचं चलन त्यांचं आणि पुढचं आमचं. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. त्यांचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडंच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं फरकाचे पैसे भरावे लागले, हे मी वहीत धरलंच नव्हतं. यावेळी इंजिन प्रोटेक्ट घेतलं. त्यांनी त्यांचा फास्टॅग बंद केला, आम्ही नवा लावला.

भाऊ संक्रांतीला आला तेव्हा गाडी चालवून बघितली, बोळातून काढून हरिपूरपर्यंत चक्कर मारून आला, म्हणाला स्टेअरिंग त्याच्या गाडीपेक्षा हलकं आहे. सोमवारपासून आम्ही तिघी जातोय. अण्णा पहिल्यांदा मिरजेला गेले तेव्हा पुढच्या सीटवर बसून त्यांनी काही न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, मग लावला.

आणि हे लिहायचं खरं कारण आता सांगते. ती आमची अल्टो, २०१२ ची, पांढरी, एमएच दहा, ॲपवर परवा परत बघितली, अजून चालू आहे. मालकाचं नाव फुल्यांत आहे त्यामुळं कोण आहे कळत नाही. हे कुणी सांगली जिल्ह्यातले लोक वाचत असाल आणि तुमच्याकडं किंवा ओळखीत तशी २०१९ नंतर घेतलेली पांढरी अल्टो असेल, तर ड्रायव्हर सीटचं कार्पेट उचलून बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आणि रेघ दिसली तर आधी वायरिंग आणि ब्रेकचे पाईप बघून घ्या. ती टपापर्यंत बुडाली होती. तुम्हाला ते सांगितलं नसणार.